हिरवी पट्टी सरकेना

पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या जरा पुढं गेली आणि पुन्हा थिजली. बाण हलेना, अक्षर उमटेना. विशालाक्षीनं कीबोर्डवर हात आपटला.

"मेल्या, पुन्हा तेथेंच!"

"मेलेल्याला मेल्या म्हणून काय होणार?" पानाच्या शिरा काढता काढता तिचा नवरा व्यंकटेश म्हणाला. "भंगारवाला गल्लीतच ओरडतो आहे. हाक मारूं?"

"तुम्ही गप बसा हो."

संध्याकाळी तिचा वर्ग होता. देशोदेशी पांगलेल्या आपल्या माणसांच्या पोरांना ती पडद्यावरून घरची मराठी शिकवायची, तंजावुरी, पणजीच्या तोंडची. गेल्या दोन्ही वर्गांत कॉम्प्युटर मधेच बंद पडला. आज सकाळी एका पोराच्या आईचा निरोप आला होता : 'मामी, जमत नसेल तर राहू द्या. आम्ही त्याला हिंदीला घालतो.' हिंदीला! आणि निरोपातला गोडवाच तिला जास्त चावत होता.

जुन्या यंत्राला झेपेल असं लिनक्स घाल, असं चेन्नईच्या भाच्यानं, शशांकनं, सांगितलं होतं. पेनड्राइव्ह तिनं स्वतः बनवला. तो बिघडला असेल म्हणून पुसून पुन्हा बनवला. पडद्याची सेटिंग बदलून पाहिली. लिनक्स चढायला लागलं की पट्टी निघायची झोकात, आणि सासरी निघालेली लेक वेशीपाशी अडावी तशी अडायची.

तिनं शशांकला फोन लावला. "तुझें लिनक्सही तसलेंच रे! पांढऱ्या केसांची थट्टा करतें!"

"सरि, सरि, बरें, मावशी, रागावूं नकोस. कॉम्प्युटरच्या डब्याला मागून हात लावून बघ."

तिनं हात लावला नि झटक्यात मागं घेतला. तवा बरा.

"पंख्याचा आवाज येतो?"

तिनं कान दिला. आत सगळं मुकं.

प्लग काढून तिनं भिंतीशी टेकलेला डबा गर्रकन फिरवला. मागच्या जाळीच्या भोकांत पिवळट काहीतरी दाटून बसलं होतं. नखानं खरवडलं. गंध. वर कुंकू. आत ओघळून, वाळून, त्यानं पंख्याची पातीच धरून ठेवली होती.

नवरात्रातल्या आयुधपूजेला यंत्राला गंध लागतं, त्यात नवल नाही. पण ते वर्षातून एकदा, माणसाच्या कपाळी लावावं तसं दर्शनी. हे थरावर थर होतं. खालचं भेगाळलेलं, वरचं अजून ताजं. आज सकाळचं.

"हें कोणाचें काम?"

व्यंकटेशनं घाईनं पान तोंडात कोंबलं.

"तोंड भरलें म्हणून सुटणार नाहीं. घरांत तिसरें कोण आहे? पोरें चाललीं माझीं. आई-बापांनीं मला म्हातारी म्हणून माफ केलें, माफ! आणि तुम्ही रोज उठून येथें गंध थापत होतां? वर मलाच भंगार, भंगार म्हणून टोचत होतां? भंगाराची कोण पूजा करतें?"

त्यानं पान गिळलं की काय कोण जाणे. "तूं शिकवतेस त्यावर," तो फरशीकडं बघत म्हणाला. "देवाला उगाळतों, त्यांतलेंच बोटभर. तुझा वर्ग नीट व्हावा म्हणून."

"मग समोर लावायचें! फिरत्या पंख्यावर कोण लावतें? डोळे कोठें होते?"

"समोर लाविलें असतें तर तुला दिसलें असतें."

फोनमधून शशांक "मावशी? काय सांपडलें?" विचारत राहिला. तिनं फोन पालथा घातला. न्हाणीघरातून जुना टूथब्रश आणला आणि तो व्यंकटेशच्या हातात खुपसला.

"काढा आतां. एकेक भोक."

तो मांडी घालून बसला. ती धुमसतच त्याच्यासमोर बसली, आणि डबा कलंडू नये म्हणून, चुलीवरून उतरवलेलं भांडं धरावं तसा, पदराच्या दोन टोकांनी धरून राहिली.