मापांच्या वह्या

तीस वर्षांच्या मापांच्या वह्या मीच रद्दीत घातल्या. माझा कटिंगमास्तर दत्ताराम म्हणाला होता, “ताई, सगळी मापं क्लाउडवर चढवलीत. आता वह्या कशाला?”

ओटीपीची कटकट नको म्हणून खात्याला मोबाईल नंबरही त्याचाच दिला.

गेल्या आठवड्यात ‘आई अंथरुणाला खिळलीय’ म्हणत तो काम सोडून गेला. मूर्ख मी! वर तिच्यासाठी डिंकाचे लाडू दिले.

आज पोतनीसबाई ब्लाउजचं कापड घेऊन आल्या. कॉम्प्युटर उघडला, तर पासवर्ड बदललेला. नव्या पासवर्डचा ओटीपी त्याच्याच मोबाईलवर गेला.

मी फोन लावला. त्यानं उचलला. मागं शिलाई मशिनं खडखडत होती.

“आई कशी आहे रे?” मी विचारलं.

मागून तिचाच ठणठणीत आवाज आला, “दत्ता, आपल्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक का रे?”