पडद्यावरचा भुपेंद्र

पडद्यावरचा भुपेंद्र अकराव्या मिनिटाला पुन्हा थांबला आणि खुर्चीतल्या भुपेंद्रचं डोकं फिरलं.

आठ महिने हेच चाललं होतं. मोहाच्या झाडावरून पडून त्याचं कमरेखालचं सगळं बधिर झालं, त्याला आता दोन वर्षं झाली. मामाची शुभांगी नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिने एक सायकल आणून त्याच्या एकोडीच्या घरी ओसरीत ठेवली. मांड्यांना पट्ट्या चिकटवायच्या, थोडी वीज सोडायची, की निजलेले पाय पायडल मारतात. डॉक्टरांची ना नव्हती. अट होती ती तिच्या कॉलेजातल्या मोठ्या सरांची: आधी कॉम्प्युटरमधल्या भुपेंद्रने अर्धा तास न थांबता सायकल चालवून दाखवायची, मगच खऱ्याने बसायचं. त्या काड्यांच्या माणसाला मांडी याचीच, पायाची नळी याचीच, वजनही याचंच. आळस तेवढा त्याचा स्वतःचा.

दर रविवारी टेप लावून मांड्या मोजायच्या, आणि दर रविवारी त्या पठ्ठ्याने अकराव्या मिनिटाला मान टाकायची. धूळ बसू नये म्हणून भुपेंद्रच्या आईने, केशरबाईने, सायकलवर चादर टाकली होती. हल्ली त्या चादरीवर टॉवेल वाळत असायचे.

"दादा, त्याचे पायच जड पडून राहिले," शुभांगी म्हणाली. "सत्तर किलोच्या माणसाले एवढी वीज पुरत नाही."

"सत्तर?" भुपेंद्र म्हणाला. "पडायच्या आधीबी मी सत्तर नव्हतो."

वजन राइस मिलच्या काट्यावर झालं होतं. चाकाची खुर्ची चढेल असा दुसरा काटा गावात नव्हता. केशरबाईने तोलणाऱ्या देवाजीला फोन लावून बोलावून घेतलं. तो आला, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, आकडा बरोबर आहे, खुर्चीसकट.

"मग खुर्चीचं वजन कापलं नाही काय, काका?" शुभांगीने विचारलं.

"मी कायले कापू, बाई? मी पोत्यासकट तोलतो. बारदान्याचं वजन जो माल घेते तो कापते."

म्हणजे चूक कुणाचीच नाही. आठ महिने मात्र गेले. भुपेंद्रला असा संताप आला की शिवीसुद्धा सुचेना. शुभांगीचे कान लाल झाले. तिने खुर्चीचे अठरा किलो वजा केले आणि पडद्यावरचा माणूस पुन्हा चालू केला. अकरावं मिनिट गेलं. विसावं गेलं. देवाजीचा दुसरा चहा झाला. तिसावं मिनिट सरलं तरी गडी पायडल मारतच होता.

शुभांगीने मोठा सुस्कारा सोडला. आता सरांना दाखवते, पुढच्या रविवारी बसू, म्हणाली.

भुपेंद्रने खुर्ची सायकलीजवळ नेली आणि टॉवेल, चादर सगळं खाली ओढलं.

"त्याच्याखालची खुर्ची काढली, तं तो चालला," तो म्हणाला. "आता माझ्याखालची काढ."