दारावरची चार चित्रे

नोव्हेंबरचे ऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्सवर उशिरा चढे, आणि चढल्यावरही धुरकट हवेतून खाली यायला बराच वेळ घेई. आधी गच्चीवरच्या टाक्यांची काळी टोपणे, मग दोरीवर रात्रभर विसरलेली एखादी चादर, मग कडुनिंबाचा शेंडा, असे एकेकाची परवानगी घेत ते उतरे. शाळेच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत त्यात ऊब अशी उरत नसे. उरे तो ताकासारखा फिकट उजेड. तो फरशीवरून सरपटत दुसरीच्या वर्गाशी येई आणि दारावर चिकटवलेल्या चार चित्रांवर थांबे. मिठी, टाळी, हस्तांदोलन, नमस्कार.

चित्रे वर्गशिक्षक परीक्षितने स्वतः काढली होती. सकाळी शिक्षकाने दारात उभे राहायचे, मुलाने एका चित्रावर बोट ठेवायचे आणि तसे शिक्षकाला भेटून मगच आत जायचे, ही शाळेची रीत. शेजारच्या दारात रोज धुमाकूळ चाले. तिथल्या बाईंची ओढणी मुलांच्या मिठ्यांत हमखास घसरून पडे. परीक्षितच्या दारात मात्र प्रत्येक बोट नमस्कारावरच येई. त्या एका चित्राचा कागद मळून गेला होता. बाकीची तीन अजून कोरी करकरीत होती.

आज मुख्याध्यापिका भानुमती मॅडम त्याच्या मागेच उभ्या होत्या. कालच त्या म्हणाल्या होत्या, “बच्चे आपसे खुलते नहीं, परीक्षितजी. ऐसा ही रहा तो सोमवार से आप ऑफिस का काम देखिए.”

“शर्मीले बच्चे हैं, मैडम,” तो म्हणाला होता. हे तो महाराष्ट्रातल्या घरीही फोनवर सांगे, आणि स्वतःलाही. हा वर्ग हातून सुटला, तर या शहरात सकाळी त्याची वाट पाहणारे कोणीच उरणार नव्हते.

घंटा झाली. त्याने पाठीमागे बांधलेले हात सोडले, खिशात घातले, बाहेर काढले, पुन्हा मागे नेले. पहिली मुलगी आली, नमस्कार. मागचा मुलगा, नमस्कार. जयेश धावत आला तो दोन्ही हात पसरूनच. रांगेच्या टोकाहून कुणीतरी “श्शू!” केले, आणि त्याने पसरलेले हात हवेतल्या हवेत जोडले.

“क्लासरूम है या मंदिर?” मॅडम पुटपुटल्या.

शेवटी स्वानंदी आली. वर्गात त्याच्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच. मॅडमनी तिलाच गाठले. “बेटा, सर के गले कोई क्यों नहीं लगता?”

स्वानंदीने उत्तर दिले ते परीक्षितला, दबक्या आवाजात.

“सर, पहिल्या दिवशी सिद्धांतने तुम्हाला मिठी मारली ना, तेव्हा तुम्ही श्वासच घेत नव्हता. मी बघितलं. मग मी सगळ्यांना सांगून ठेवलं, सरांना बिल्कुल हात नाही लावायचा, फक्त नमस्ते. हा जयेशच रोज विसरतो.” मग तिने विचारले, “आता डर नाही ना लागत तुम्हाला?”

“क्या कह रही है?” मॅडमनी विचारले.

‘कुछ नहीं, शरमाती है’ हे उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होते. स्वानंदी मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. तिचे जोडलेले हात त्याच्या सदऱ्यापासून वीतभर अलीकडे, काळजीपूर्वक थांबलेले होते.

“बच्चे शर्मीले नहीं हैं, मैडम,” तो म्हणाला. “डर मुझे लगता है.”