सरळ सा

"पुन्हा तुटला. सा धरून ठेव गं, शाल्मली." मोबाइलवर गाणं शिकवताना दोन महिने मी हेच सांगत होते. तिकडे सिन्नरला ती नऊ वर्षांची पोर सा लावायची आणि दोन सेकंदांत तो बुडायचा. तिच्या बाबांनी नेट बदललं, मी खोली बदलली, ओरडून माझा घसा बसला. हल्ली सा पुरा यायचा, पण थरथरत. दमले होते, तेवढ्यावर भागवलं.

आज माझी कुरकुर ऐकून सुनेनं शाल्मलीच्या आईला फोनमधलं आवाज साफ करायचं सेटिंग बंद करायला लावलं. मग मला म्हणाली, "आई, एकसारखा लांब आवाज आला की फोनला ती पंख्याची घरघर वाटते. म्हणून तो कापून टाकतो."

म्हणजे पोरीचा सा तुटत नव्हताच. माणसाचा वाटू नये इतका स्थिर होता. दोन महिने मी उगाच बोलले.

"लाव बाळा आता," मी म्हटलं. सा अख्खा आला, थरथरतच.

"अगं, हलवतेस कशाला?"

"सरळ लावला की तुम्ही ओरडता ना, बाई."