निळी किनार

"चाल आता." औषधाच्या दुकानवाल्या मावशींनी घड्याळाचं बटण दाबलं. "आणि हळू. तुझी आई चालायला लागली की मुंग्या तिच्या पुढे जायच्या."

आईच्या शिवणकामाच्या दुकानाच्या मागच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकशे नव्वद पावलं. आई दर रविवारी दहा वाजता ही वाट चालायची आणि दिसलेली फुलपाखरं मोजून फुलपाखरांच्या पाहणीवाल्यांना कळवायची. अकरा वर्षं. मावशी घड्याळ धरायच्या; ते वाजेपर्यंतच मोजणी. आई जाऊन सव्वा महिना झाला होता, आणि आज वही लेकीच्या हातात होती. आतल्या पुठ्ठ्यावर आईच्या अक्षरात नियम होते: दोन्ही बाजूंना अडीच मीटर, समोर पाच मीटर, एवढ्यातलंच मोजायचं. मागचं मोजायचं नाही.

पुस्तकातली नावं आईच्या जिभेवर कधी बसली नाहीत. तिने आपली नावं ठेवली. लिंबू अस्तर. फाटका खिसा. निळी किनार. पाहणीवाल्यांनी हसत हसत ती या वाटेच्या यादीत तशीच घेतली होती.

निळी किनार चार वर्षं यादीत नुसतीच होती, मोजणीत एकदाही आली नव्हती. पाचवं वर्ष कोरं गेलं की नाव काढून टाकतात, आणि ही पाचव्या वर्षातली शेवटची मोजणी.

लेक चालत राहिली. सुई पडल्यावर आई जशी फरशी बघायची, तशी ती पानन् पान बघत होती. लिंबू अस्तर, दोन. गळक्या नळाखालच्या चिखलावर फाटका खिसा, एक. मग वेलीने झाकलेली भिंत. तिथे काहीच नाही. टाकी आली.

"दोन मिनिटं राहिली," मावशी म्हणाल्या आणि एकदम तिचा दंड धरला. "अगं मागे! मागे बघ!"

ती वळली. आत्ताच मागे टाकलेल्या वेलीवर ते पंख उघडून बसलं होतं. काळेभोर पंख, आणि कडेने नुकतीच लावल्यासारखी निळी पट्टी.

"लिही की! बघत काय बसलीस?"

"मागे आहे, मावशी."

"मग चार पावलं मागे जा आणि वळ. समोर येईल." मावशींनी मान दुसरीकडे फिरवली. "मी काही बघितलेलं नाही. मी घड्याळ बघत होते."

लेकीने पेनाचं टोपण काढलं. हात थांबला. आई हे नाव कसं लिहायची ते बघायला तिने वहीची मागची पानं उलटली. तीन वर्षांपूर्वीच्या एका पानावर ते सापडलं: निळी किनार, १. तो आकडा पट्टी धरून सरळ रेघेने खोडलेला. शेजारी दोन शब्द. मागे होती.

मावशींनी वहीत डोकावून पाहिलं.

"त्या दिवशी केवढी भांडले मी तिच्याशी. म्हटलं, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कोण विचारतंय? तर म्हणाली, गिऱ्हाइकाची कंबर छत्तीस भरली आणि त्याला बरं वाटावं म्हणून मी चौतीस लिहिली, तर तो घालणार काय?"

लेक हसली. आईची चिडून मान उडवायची लकब हुबेहूब मावशींच्या मानेत उतरली होती.

मग तिने रकान्यात शून्य काढलं. टोकं नीट जुळवून. आणि शेऱ्याच्या जागेत, आईपेक्षा जरा वाकड्या अक्षरात, लिहिलं: मागे होती.

वही मिटून ती पुन्हा टाकीकडे वळली आणि वेलीकडे पाठ करून उभी राहिली.

घड्याळ वाजलं.

"संपली वेळ," मावशी म्हणाल्या. "आता वळ. बघ हवं तेवढं."