भोपळ्याचं बूड

सहा जण प्रदर्शनाचा भोपळा उचलायला आले, तेवढ्यात विश्रामतात्यांना विहिरीजवळ कॅल्शियम नायट्रेट खताची रिकामी पिशवी सापडली.

"हे कुणी घातलं माझ्या वेलाला?"

"मी, तात्या," त्यांची सून शालन म्हणाली. "दर आठवड्याला. पाण्यातून थोडं थोडं. बूड सडू नये म्हणून."

गेली दोन वर्षं तात्यांचे भोपळे ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर बुडातून सडले होते. तरी शेणखताशिवाय वेलाला काही द्यायचं नाही, अशी त्यांची सगळ्यांना ताकीद होती.

"यंदाही सडला असला, तर ह्या आळ्याला पुन्हा हात लावायचा नाहीस."

माणसांनी भोपळा एका अंगावर कलता केला. तात्या गुडघ्यांवर बसले आणि खाली हात घालून बूड चाचपू लागले. शालनला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

हात बाहेर आला, तेव्हा बोटांना नुसती कोरडी माती लागली होती.

"उचला," तात्या एवढंच म्हणाले.

प्रदर्शनात काट्यावर एकशे चार किलो भरले. परीक्षकांनी विचारलं, "भोपळा कुणाचा?"

तात्यांनी घसा खाकरला.

"लिहा, शालन दिनकर ढोबळे. सून आहे माझी."