खरा सामना पाहणारे

सामना सुरू झाला तेव्हा ऑनलाइन पाहणारे एक्केचाळीस हजार दोनशे सहा होते. मध्यंतराला नऊशे बारा उरले. बाकीचे आपापल्या आवडत्या खेळाडूवर बोट ठेवून पुढचा खेळ स्वतः खेळायला निघून गेले होते, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर आता वेगळी कबड्डी चालू होती. मैदानातल्या गॅलऱ्या तर दोन वर्षांपूर्वीच काढून टाकल्या होत्या.

अडतिसाव्या मिनिटाला शलाकाची पकड झाली आणि तिचा डावा खांदा निखळला. तेव्हा फलकावर खरा सामना पाहणारे तीन दिसत होते. त्यांतले एक तिचे वडील, आण्णा, असणार, याची तिला खात्री होती. शाळेपासून तिचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

सामना हातचा गेला. हात झोळीत बांधून झाल्यावर तिने इचलकरंजीला वडिलांना फोन लावला.

"आण्णा, बघितलंत?"

"बघितलं की. शेवटच्या चढाईत तिघींना मारून आलीस. गल्लीत पेढेसुद्धा वाटून झाले."

शलाकाने विचारलं, "मला धरलं तेव्हा तुम्ही खेळायला घेतलंत का?"

"तुला धरलेलं बघवेना गं. म्हटलं, मीच सोडवतो. एका दमात मध्यरेषा गाठली बघ. आता हातपाय शेकून घे."

"घेते," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने संघाच्या टॅबवरचा तक्ता उघडला. खरा सामना पाहणारे अडतिसाव्या मिनिटाला तीन, एकोणचाळिसाव्या मिनिटाला दोन आणि चाळिसाव्या मिनिटाला शून्य होते.